मेलान्याच्या परसातले भोपळे

२५ ऑगस्ट २००२, रविवार

आज चर्चमधून निघताना फादर मिरोननी मला बाजूला घेतलं. त्यांचा हात खांद्यावर पडला. वाटलं, घंटेचा दोर मी पुन्हा भलत्या वेळी ओढला की काय. पण गोष्ट निराळीच होती.

"पानास, ते कॅनडाचे लोक तुझ्याच घरात राहतात ना?"

"अर्ध्या घरात, फादर. मधे भिंत आहे."

"मग त्या भिंतीला कान लाव. बायका तिथे जाऊन काय शिकतात, तो ऑरिन काय बोलतो, कुणाला आपल्या पंथात ओढतो का, हे सगळं दर रविवारी मला कळलं पाहिजे."

मी हो म्हणालो. फादरना नाही म्हणायची माझी छाती नाही. उद्या मी मेलो की हान्नाशेजारी मला पुरणार तेच. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तिच्या शेजारची जागा मी राखून ठेवली आहे. पण माझी आठवण म्हणजे आता चाळणी. म्हणून लिहून ठेवायचं ठरवलं. माझ्या सात इयत्ता झाल्या आहेत, त्यातली शेवटची दोनदा. चुका होतील. वाचणार मीच आहे.

२८ ऑगस्ट

पाळत ठेवली. आढळलं ते असं.

नवरा ऑरिन स्वतः भांडी घासतो. बायको मार्लिस त्या वेळी बसून पुस्तक वाचते. दोघांनाही त्यात काही गैर वाटत नाही.

मुलं तीन. थोरली ताबिथा दहा वर्षांची, धाकटे जुळे. तिघंही थंड फरशीवर अनवाणी फिरतात. ताबिथा तर चक्क दगडी पायरीवर बसते. मी ओरडलो, "पोरी, ऊठ, गारठा शिरेल, पुढे मूल होणार नाही!" तर ती म्हणाली, "आजोबा, मला एवढ्यात नकोच आहे."

पाण्यात बर्फ घालून पितात. समोरासमोरच्या खिडक्या एकदम उघडतात. अशा वाऱ्याच्या झोतात बसून अजून जिवंत कसे, हे त्यांच्या देवालाच माहीत.

आणि एक गोष्ट फादरना सांगायची की नाही, कळत नाही. संध्याकाळी सगळे हात धरून प्रार्थना करतात. भाषा कळत नाही, पण त्यात माझं नाव येतं. स्पष्ट ऐकू येतं, पानास. दोनदा. माझ्यासाठी प्रार्थना का? माझ्या तोंडावर त्यांना काही दिसलं का? दवाखान्यातल्या बाईने त्यांना माझ्या छातीबद्दल काही सांगितलं असेल का? जीभ आरशात पाहिली. पांढरी आहे.

३ सप्टेंबर

सकाळी कुंपणाशी मेलान्या भेटली. आमच्या दोघांच्या परसामधलं कुंपण एका जागी पडलंय, तिथून बोलणं होतं. तिचा नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली, मुलगा रोमन शहरात असतो. ती म्हणाली, "रोमन मागे लागलाय. पोक्रोवाचा सण झाला की गाडी घेऊन येतो म्हणतो. घर विकायचं आणि त्याच्याकडे झितोमिरला जायचं. तिसरा मजला."

"जाणार?"

"कुणी थांब म्हणालं तर विचार करेन," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्या टोपीला काही लागलं असेल म्हणून मी टोपी काढून पाहिली. काही नव्हतं.

मला तिच्या जाण्याने काही फरक पडत नाही. फक्त कुंपण एकट्याने दुरुस्त करावं लागेल, एवढंच. आणि तिच्या खिडकीत संध्याकाळी दिवा दिसतो, तो दिसणार नाही. आणि तिचं बिटाचं सूप, बोर्श. आणि ती मला "अरे घाबरटा" म्हणते, तसं दुसरं कुणी म्हणणार नाही. याला काय फरक पडणं म्हणतात? नाही.

दुपारी जेवण गेलं नाही.

८ सप्टेंबर, रविवार

फादरना अहवाल दिला. ऑरिनच्या रविवारच्या सभेला चार माणसं येतात. दोन म्हाताऱ्या, त्यांतल्या एकीचा नातू, आणि चौथा माझा मित्र तिमिश, तो शेगडी पेटलेली असते म्हणून जातो. फादरनी मान हलवली आणि विचारलं, "आणि ती बाई काय भाजते? वास म्हणे रस्त्यापर्यंत येतो."

"दालचिनीचे गुंडाळलेले पाव, फादर. वर साखरेचा पाक."

"हं. हेच त्यांचं जाळं. पुढच्या वेळी एक घेऊन ये. परीक्षा करायला हवी."

१५ सप्टेंबर, रविवार

फादरनी परीक्षेसाठी चार घेतले. निष्कर्ष अजून निघालेला नाही.

१७ सप्टेंबर

काल भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज आला. मार्लिस. ऑरिन हळू आवाजात काही सांगत होता. दाढ दुखत असणार. बर्फाच्या पाण्याने दुसरं काय होणार? आज त्यांच्या दाराशी मध आणि लसणाच्या दोन गड्ड्या ठेवून आलो.

ताबिथा थोड्या वेळाने आली. "आजोबा, आईची दाढ चांगली आहे. तिला वाटतं, तीन वर्षं झाली तरी इथे आम्ही कुणालाच नको आहोत. बाजारात बायका तिला मागून श्टुंडा म्हणतात."

श्टुंडा हा आमच्याकडे असल्या पंथवाल्यांना चिडवायचा शब्द. मीही म्हटलेला आहे. मी ताबिथाला सांगितलं, "तुझ्या आईला म्हणावं, मला मागून काय काय म्हणतात ते ऐकलंस तर हसशील. आणि लसूण खा."

१९ सप्टेंबर, गुरुवार

गुरुवारी मार्लिस बायकांना गोधड्या शिवायला जमवते. मेलान्याही जाते. पाळतीसाठी मीही गेलो. दारातच मला खुर्चीवर बसवून दोन्ही हातांवर लोकरीची लड अडकवली. तास दीड तास हलता आलं नाही. आठ बायका, मी एकटा. माझ्याकडे पाहून कुजबुजत होत्या, हसत होत्या. मेलान्या सगळ्यांत कमी हसत होती आणि सगळ्यांत जास्त लाल झाली होती. त्या खोलीत हवा खेळत नाही.

धर्माबद्दल एक शब्द निघाला नाही. फादरना काय सांगू?

परतताना तिमिश भेटला. त्याने लोकरीचे धागे माझ्या कोटावरून काढले आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, तुला काय झालंय ते गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. मागणी घाल तिला."

"या वयात?"

"नाहीतर कुठल्या वयात? पुढच्या?"

आता लिहायला हरकत नाही. माझ्या मनात आहे. मेलान्या झितोमिरला गेली तर हा हिवाळा मी काढेन, पण कशासाठी काढला ते मला कळणार नाही.

तिच्या तोंडावर मात्र मी विचारू शकत नाही. जीभ टाळ्याला चिकटते. शिवाय ती एकदा म्हणाली होती, तिचं लग्न सामूहिक शेताच्या अध्यक्षाने दोन बैठकांच्या मधे कागदावर लिहून टाकलं. पाव घेऊन कुणी मागणी घालायला आलंच नाही. तेव्हा रीतीप्रमाणे दोन माणसं पाठवावीत, हेच बरं. पण रीत म्हटली की नकाराचीही रीत आली. छप्पन साली तिमिशने एका मुलीकडे अशीच माणसं पाठवली होती. ती मुलगी हसत हसत भोपळा घेऊन बाहेर आली आणि त्यांच्या हातात दिला. झालं. आज तो अडुसष्टचा आहे, तरी शाळेतली पोरं त्याला भोपळ्या म्हणतात. ज्यांच्या आज्यांनी ती गोष्ट पाहिली, ती पोरं.

मी बहात्तरचा आहे. मला नवीन नाव सोसणार नाही.

२० सप्टेंबर

कुंपणाच्या फटीतून पाहिलं. मेलान्याच्या परसात यंदा भोपळेच भोपळे. वेलीवर, वाटेवर, शेडच्या छपरावरसुद्धा एक चढून बसलाय. मला घाम फुटला.

२९ सप्टेंबर, रविवार

आज देवाने माझं ऐकलं. किंवा ऑरिनच्या देवाने.

तो संध्याकाळी आला. म्हणाला, १४ ऑक्टोबरला त्यांच्या देशात आभाराचा सण आहे, आणि आपल्याकडे त्याच दिवशी पोक्रोवा. म्हणून सांस्कृतिक भवनात सगळ्या गावाला जेवण द्यायचं. सुगीबद्दल देवाचे आभार मानायचे. मार्लिसला पुन्हा उभारी येईल.

"आजोबा, स्टेज सजवायला भोपळे पाहिजेत. पुष्कळ. आमच्याकडे या सणाला भोपळ्याशिवाय चालत नाही. कुठे मिळतील?"

माझं डोकं सहसा एवढ्या वेगाने चालत नाही.

"शेजारी," मी म्हणालो. "मेलान्याकडे. पण सगळे घ्या हं. एकही मागे ठेवू नका. अर्धेमुर्धे घेतले तर तिला वाईट वाटेल."

"सगळे?"

"सगळे. शेडच्या छपरावरचा विसरू नका."

ज्या घरात भोपळाच नाही, त्या घरातून तो देणार कसा?

३ ऑक्टोबर

ऑरिनची गाडी तीन फेऱ्या करून गेली. मी कुंपणाशी खिळे शोधायचं निमित्त करून उभा होतो. मेलान्या स्वतः वेली कापून भोपळे त्याच्या हातात देत होती. शेवटी तो म्हणाला, बस झाले. तर ती म्हणाली, "थांबा," आणि घरात गेली, पलंगाखाली बियाण्यासाठी ठेवलेले दोन होते, तेही घेऊन आली.

"हेही न्या. या घरात मला एकही नकोय." मग कुंपणाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "अगदी एकही नाही उरला!"

ऑरिन तर तिच्या शेजारीच उभा होता. एवढं ओरडायचं कारण काय? तिला ऐकू कमी येऊ लागलं असावं. बिचारी. बियाणंसुद्धा देऊन टाकलं, पुढच्या वर्षी काय पेरणार? इतकी साधी बाई जगात एकटी सोडणं बरोबर नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

मागणीला दोघं लागतात. एक तिमिश. भोपळ्याला पाठवणं अपशकुनी आहे, पण दुसरा मित्र उरलेला नाही. जे होते ते सगळे हान्नाच्या बाजूला झोपलेत. दुसऱ्यासाठी आधी फादरना विचारलं. ते एवढे हसले की त्यांच्या दाढीतून दालचिनीचा चुरा पडला. "मी गेलो तर ती म्हणेल, माझा अंत्यविधी करायला आले! नाही रे बाबा. लग्न लावायला मी आहे. उपवासाचे दिवस लागायच्या आत ये म्हणजे झालं."

मग ऑरिनला विचारलं. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि मार्लिसला हाक मारली. ती धावत आली, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि रडली. मी घाबरून विचारलं, "तुम्ही रोज माझ्यासाठी प्रार्थना करता ती कशाबद्दल? खरं सांगा. मी किती दिवसांचा सोबती आहे?"

मार्लिस नवऱ्याकडे बघू लागली. ताबिथा म्हणाली, "आजोबा, ती मेलान्या आजीने सांगितलेली प्रार्थना आहे. गुरुवारी. काय ते सांगायचं नाही असं तिने आईकडून वचन घेतलंय."

म्हणजे मेलान्यालाही माझ्या छातीची काळजी वाटते. मग तर घाई करायला हवी.

मी ऑरिनला काम शिकवलं. आत गेल्यावर पाव टेबलावर ठेवायचा. मग म्हणायचं, आम्ही शिकारी आहोत, एका सुंदर प्राण्याच्या मागावर निघालो, पावलांचे ठसे या घरापर्यंत आले.

"पण मी शिकारी नाही," ऑरिन म्हणाला.

"कुणीच नसतं. तसं म्हणायचं असतं."

"आजोबा, मी सुवार्ता सांगणारा माणूस. दारात उभं राहून खोटं कसं बोलू?"

पाऊण तास यात गेला. शेवटी ठरलं, शिकारीचं तिमिश बोलेल आणि ऑरिन फक्त मान हलवेल. तीही हलवणार नाही म्हणत होता, पण मार्लिसने त्याला काहीतरी सुनावलं. दारूचंही तेच. मागणीला गेलेल्या माणसाला पेला नाकारता येत नाही. तिमिश म्हणाला, "ती काळजी सोडा. दोघांचं मी बघतो."

बाकी सगळं समजावलं. भोपळ्याचा विषय मात्र काढला नाही. मुद्दामच. शुभ कामात त्याचं नावही नको. आणि आता गावात भोपळा आहेच कुठे? सगळे सांस्कृतिक भवनात कुलूपबंद.

१२ ऑक्टोबर

पाव राहिलाच होता! दुकानातला न्यायचा म्हणजे लाज. गावात चांगला पाव एकच बाई भाजते. गेलो मेलान्याकडे.

"एक मोठा पाव हवा होता. गोल."

"कशासाठी?"

"पाहुणे येणार आहेत."

"कुणाकडे?"

मी म्हणालो, "असेच. इकडे तिकडे."

तिने कमरेवर हात ठेवला. "परवासाठी का?"

"तुला कसं कळलं?"

"परवा सण आहे ना," ती म्हणाली आणि पाठ फिरवून पीठ चाळू लागली. तिचे खांदे हलत होते. खोकला झालाय वाटतं.

संध्याकाळी पाव आणला. केवढा देखणा! वर वेणी घातलेली, आणि मधोमध कणकेची दोन पाखरं, चोचीला चोच लावलेली. जास्तीचं पीठ उरलं असेल. पैसे द्यायला गेलो तर म्हणाली, "जिथे जाईल तिथून मला मिळतील." तिचा हिशेब मला कधी कळला नाही.

१४ ऑक्टोबर, पोक्रोवा

क्रमाने लिहितो.

सकाळी चर्चमध्ये घंटा वाजवली. मग सांस्कृतिक भवन. सगळं गाव आलं होतं. मार्लिसने स्टेजवर भोपळ्यांचा डोंगर रचला होता, प्रत्येकाला पिवळी फीत. जेवण उत्तम. फादर मिरोनही आले, तपासणीसाठी, आणि दोनदा वाढून घेतलं. ज्या बायका मागून श्टुंडा म्हणायच्या, त्या मार्लिसकडून पावाची कृती लिहून घेत होत्या. इथपर्यंत सगळं छान.

मग ऑरिनने जाहीर केलं की प्रत्येक कुटुंबाला घरी न्यायला एक भेट. आणि त्यांनी खास ठरवलं होतं की सुरुवात एकट्या राहणाऱ्या पुरुषांपासून करायची, कारण त्यांना कुणी प्रेमाने काही देत नाही. मार्लिस भोपळा घेऊन हसत हसत पहिल्या रांगेतल्या गाडीवान मिखाससमोर उभी राहिली.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "मिखास, तू विचारलंस तरी कधी?"

पुढे काय झालं ते नीट लिहिता येणार नाही. गावातले सगळे अविवाहित आणि विधुर दाराकडे धावले. मार्लिस मागे, भोपळा पुढे. बायका बाकांवर पडून हसत होत्या. तिमिश खिडकीतून गेला. ताबिथाने आईला कानात समजावलं, तेव्हा मार्लिसने भोपळा ठेवला आणि तोंडावर दोन्ही हात घेतले. वाटलं, आता रडणार. तर ती हसायला लागली ती थांबेचना, आणि मग बाजारातल्याच बायका तिला दोन्ही बाजूंनी धरून हसत होत्या. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिला त्यांच्यात बसलेली पाहिली. ऑरिन तेव्हा स्वयंपाकघरात पातेली धूत होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही. मीही नाही. मला आधी घरी पोचून कोट घासायचा होता. देवा, मी का नाही सांगितलं!

दुपारी मी कुंपणाच्या फटीशी. तिमिश पाव घेऊन वेळेवर आला, चालीत थोडी लाट होती, पण आत गेला. ऑरिनचा पत्ता नाही. थोड्या वेळाने त्याची गाडी आली. स्वच्छ शर्ट, ओले विंचरलेले केस. आणि दोन्ही हातांत, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरलेला, शेडच्या छपरावरचा तो सगळ्यांत मोठा भोपळा. पिवळी फीत लावलेला.

मला ओरडायचं होतं. तोवर उशीर झाला. तो पायरी चढला, दारावर टकटक केली आणि माझा माणूस माझा भोपळा घेऊन आत गेला.

मग आतून किंकाळीसारखं काहीतरी. मग मेलान्या अंगणात आली. तिच्या हातात कुऱ्हाड होती.

मी तळघरात गेलो. हे तळघरातच लिहितोय, बटाट्यांवर बसून.

१५ ऑक्टोबर

ऑरिनने मला बाहेर काढलं. तो अतिशय खूश होता.

"आजोबा, फार छान झालं! त्यांनी आमच्यासाठी सगळे भोपळे दिले, स्वतःला एकही ठेवला नाही. मला वाटलं, त्यांचा हिवाळा रिकामा कसा जाऊ द्यायचा? म्हणून सगळ्यांत मोठा परत नेला. म्हणालो, हा पानास आजोबांकडून."

"माझ्याकडून?"

"आणि देवाकडून."

"ती काय म्हणाली?"

"तिमिशनी छातीवर क्रूस केला. मग मेलान्याबाई हसल्या. भिंत धरून हसल्या, ओरडून हसल्या. मग कुऱ्हाड आणून भोपळा फोडला आणि दुधात लापशी केली. मी तीन वाट्या खाल्ल्या. तिमिश झोपले. बाई तुमच्याबद्दल विचारत होत्या. तुम्ही घोरता का, भिंतीतून ऐकू येतं का."

"तू काय सांगितलंस?"

"खरं ते. हो."

मी डोकं धरलं. "होकार दिला की नकार?"

"मागणीचा पाव त्यांनी कापला नाही, पण परतही दिला नाही. तुमच्यासाठी निरोप आहे. म्हणाल्या, 'त्याला सांगा, तो एक भोपळा आला होता तोही शिजला. आता माझ्याकडे खरंच काही नाही. ज्याला हवंय त्याने स्वतःची जीभ घेऊन यावं.'"

याचा अर्थ काय? तिच्याकडे खायला काही उरलं नाही म्हणते का? जीभ कशाला हवी आहे तिला? तिमिशला विचारलं. तो म्हणाला, त्याला शिकारीपर्यंतचंच आठवतं.

१७ ऑक्टोबर

बोललो नाही. दोनदा कुंपणापर्यंत गेलो. एकदा पाऊस होता. एकदा नव्हता.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी मेलान्याच्या फाटकाशी रोमनची गाडी. तो गाठोडी बांधत होता. मी खिडकीत. पलीकडून भिंतीवर थाप पडली. मार्लिस ओरडली, तिची आमची भाषा आता बरीच झालीय, "पानास! जा!" मग जुळ्यांनी थापा मारल्या. सगळी भिंत थरथरायला लागली, गिलावा पडेल म्हणून मी घराबाहेर पडलो.

कुंपणाच्या पडक्या जागेतून गेलो. पायात घरातले जोडे, चिखल आत शिरला. निमोनिया ठरलेला. मेलान्या पायरीवर उभी होती, डोक्यावर प्रवासाचा रुमाल.

"काय रे?" ती म्हणाली.

"काही नाही."

"बरं." ती वळली.

"मेलान्या! जाऊ नकोस." माझ्या तोंडून निघालं ते मलाच परकं वाटलं. "माझ्याशी लग्न कर. मी घोरतो. छाती बरी नाही. भोपळे मीच उचलायला लावले होते. मी घाबरलो होतो."

रोमनच्या हातून गाठोडं सुटलं. मेलान्याने रुमाल सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला.

"सात आठवडे फटीतून बघतोयस," ती म्हणाली. "मला वाटलं, कुंपण उभं करूनच मरशील." मग नाक पुसून म्हणाली, "विचार करून सांगते."

विचार करून! रोमन जेवला, बटाट्यांची दोन पोती घेतली आणि एकटाच परत गेला. जाताना माझा हात हलवून हलवून दुखवला आणि "काका" म्हणाला. मुलगा चांगला आहे. पण उत्तर नाही.

२२ ऑक्टोबर

मेलान्याने तिच्या लोणच्याच्या बरण्या माझ्या तळघरात आणून ठेवल्या. तिच्याकडे ओल येते म्हणे. आजवर कधी बोलली नव्हती. बटाटे एका बाजूला सरकवावे लागले.

उत्तराबद्दल विचारलं. "घाई कसली?" म्हणाली.

२४ ऑक्टोबर

शिलाई मशीन माझ्याकडे आणली. उजेड चांगला येतो म्हणे. माझ्या खिडकीचे पडदे उतरवले, तिचे लावले. ऑरिनने पोरांना हाताशी घेऊन मशीन उचलून दिली. मार्लिस दारात उभी राहून उगाच हसत होती. फादर मिरोन रस्त्याने जाताना थांबले, आत डोकावले आणि म्हणाले, "पानास, तारीख ठरव." मी म्हणालो, "फादर, अजून ती हो कुठे म्हणालीय?" त्यांनी मशीनकडे पाहिलं, पडद्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि क्रूसाची खूण केली. माझ्या प्रकृतीबद्दल त्यांनाही शंका दिसते.

२७ ऑक्टोबर, रविवार

दोन दिवस जेवण गेलं नाही. बोर्श समोर असूनसुद्धा. मेलान्याने केलेलं, माझ्याच चुलीवर. तिच्या चुलीत धूर कोंडतो.

आज दुपारी ती आपली उशी काखेत घेऊन आली. मी चुलीजवळच्या बाकावर बसलो होतो. मनाचा हिय्या करून म्हणालो, "मेलान्या, असं टांगून ठेवू नकोस. काय असेल ते एकदाचं सांग. सोसेन मी."

"विचार चाललाय माझा," ती म्हणाली. "तू जरा सरक."

मी सरकलो. ती बसली. तिने उशी पाठीशी ठेवली, माझे जोडे चुलीपासून दूर केले आणि विणकाम काढलं.

उद्या पुन्हा विचारीन.